दोन नंबरवर कोण? गाड्यांच्या विक्रीचे आकडे यार्डातून वाचताना

प्रश्न थोडक्यात असा: "भोसरीत माझं छोटं प्रेस शॉप आहे, पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवतो. आजवर एकाच मोठ्या पुरवठादाराचे जॉब करत आलो. आता तीन ठिकाणांहून विचारणा आहे. एक काम महिंद्राच्या गाडीचं, एक टाटांच्या, आणि एक तळेगावात आलेल्या ह्युंदाईचं. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक कंपनी आपणच वाढलो म्हणून सांगते. यात खरं कोण पुढे आहे आणि मी कुणावर भरवसा ठेवावा?"

मी सव्वीस वर्षं शोरूमच्या बाजूला काढली. बहुतेक पुण्यात, मधली चार सांगलीत, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या विकल्या. प्रेस शॉपमधलं मला फार कळत नाही, ते तुम्ही मला शिकवाल. पण एक तारखेचा आकडा कसा तयार होतो ते मी ३१ तारखेच्या रात्री जागून पाहिलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कंपनी ज्याला 'विक्री' म्हणते ती ग्राहकाला झालेली विक्री नसते. कारखान्यातून गाडी निघाली, डीलरच्या नावाने बिल फाटलं, की कंपनीच्या वहीत ती विकली गेली. याला आमच्याकडे होलसेल किंवा डिस्पॅच म्हणतात. गाडी मग आमच्या यार्डात चार दिवस उभी राहो नाहीतर चार महिने. ग्राहकाने पैसे भरले, आरटीओत नोंदणी झाली, ती रिटेल. पहिला आकडा कंपन्या आणि त्यांची संघटना सियाम देते, दुसरा सरकारच्या गाडी-नोंदणीच्या 'वाहन' पोर्टलवरून डीलरांची संघटना फाडा काढते. २०२४-२५ मध्ये देशात प्रवासी गाड्यांचं होलसेल झालं ४३,०१,८४८ आणि फाडाने मोजलेलं रिटेल ४१,५३,४३२. मधला दीड लाखाचा फरक सगळाच यार्डात उभा आहे असं मात्र समजू नका, कारण त्या वर्षी तेलंगणातल्या नोंदण्या 'वाहन'च्या आकड्यात येत नव्हत्या. तरी उभा माल किती असू शकतो याचा अंदाज घ्यायचा तर २०२४ च्या सप्टेंबरअखेरचं फाडाचं निवेदन आठवा: डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांचा स्टॉक, जवळजवळ ७ लाख ९० हजार गाड्या, किंमत ७९ हजार कोटी रुपये. एकवीस दिवसांचा स्टॉक असावा असं फाडा सांगत आली आहे. आणि त्या काळातल्या एक तारखेच्या बातम्या काढून बघा, बऱ्याच कंपन्या 'स्थिर मागणी'च सांगत होत्या.

ते दिवस मी जगलो आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. महिनाअखेरीला एरिया मॅनेजरचा फोन यायचा, 'साहेब, चाळीस गाड्या उचला, टार्गेटला तेवढ्याच कमी आहेत.' रंग विचारायची सोय नसे. एकदा एकाच वेळी बावीस गाड्या अशा रंगाच्या आल्या की सांगलीत त्या रंगाची एकही विकली नव्हती. बँकेच्या इन्व्हेंटरी फंडिंगचं, म्हणजे उभ्या मालावर घेतलेल्या कर्जाचं, व्याज दुसऱ्या दिवसापासून सुरू. पावसाळ्यात यार्डात चिखल, बॅटऱ्या उतरलेल्या, रोज दोन पोरं गाड्या सुरू करून ठेवायला. शेवटी सहा महिन्यांनी त्या सगळ्या सूट देऊन काढल्या. कंपनीच्या हिशोबात मात्र तो विक्रमी महिना होता, त्याचा केकही कापला होता.

म्हणून माझी सवय अशी की नंबर कितवा हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं गाडी यार्डातून किती दिवसांत निघते, सूट न देता निघते का, आणि कंपनीचा डोलारा किती मॉडेलांवर उभा आहे. या तीन गोष्टी नीट असतील तर नंबर दोनचा तीन झाला तरी फारसं बिघडत नाही.

नंबर किती घसरडा आहे ते २०२५ च्या सणासुदीत सगळ्यांनी बघितलं. सप्टेंबरमध्ये होलसेलमध्ये दुसऱ्या क्रमांकावर टाटा होते, सुमारे ५९,७०० गाड्या. महिंद्रा ५६ हजारांच्या वर, ह्युंदाई ५१,५००. ऑक्टोबरमध्ये महिंद्रा ७१,६२४ वर गेली आणि टाटा ६१ हजारांवर तिसऱ्या. फेब्रुवारीत महिंद्राने ह्युंदाईला मागे टाकलं होतंच. पण २०२४-२५ चं अख्खं वर्ष धरलं तर ५,९८,६६६ गाड्यांनी दुसरी ह्युंदाईच आहे, आणि टाटा-महिंद्रा साडेपाच लाखांच्या घरात जवळजवळ बरोबरीने. मग 'दोन नंबर' कोण? ज्याने ज्या महिन्याचं पोस्टर छापलं तो.

त्याच सप्टेंबरची दुसरी गंमत. मारुतीचं देशातलं होलसेल १,३२,८२० होतं, आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपेक्षा आठ टक्क्यांनी कमी. नुसता तक्ता बघणारा म्हणेल मारुती गडगडली. प्रत्यक्षात शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती. झालं असं की १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, ३ सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले आणि ते लागू झाले २२ तारखेला, घटस्थापनेला. मधे पितृपक्ष. म्हणजे एरवीही आपल्याकडे जे पंधरा दिवस कोणी गाडी घेत नाही, त्यात 'थोडं थांबा, स्वस्त होणार' ही भर. २२ ला बांध फुटला. मारुतीने त्या एका दिवसात ३० हजारांच्या आसपास गाड्या ग्राहकांना दिल्याचं सांगितलं. ह्युंदाईने त्याच दिवसाचा ११ हजारांचा आकडा दिला, पण तो डीलर बिलिंगचा. वर्तमानपत्रांनी दोन्ही शेजारी शेजारी छापले! एक आकडा घरी गेलेल्या गाड्यांचा, दुसरा आमच्यासारख्यांच्या नावावर पडलेल्या बिलांचा. आणि मारुतीचं होलसेल कमी दिसलं त्यामागे मागणीचा प्रश्न नव्हता. गाड्या वाहून नेणारे ट्रेलर पुरत नव्हते आणि यार्डात आधीचा माल होताच, तो भराभर निघाला.

आणखी एक खास आपल्याकडचं. २०२३ चा गुढीपाडवा २२ मार्चला होता, २०२४ चा ९ एप्रिलला, २०२५ चा ३० मार्चला. म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही आणि २०२४-२५ मध्ये दोन आले. महाराष्ट्रात पाडव्याला किती गाड्या निघतात हे तुम्हाला सांगायला नको. 'महाराष्ट्रात आमची वाढ इतकी टक्के' असं कोणी म्हणालं की मी आधी पंचांग उघडतो.

आता एकेक कंपनी. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, तुमच्या कामाच्या आहेत त्यांच्यावर थांबेन.

मारुतीचा हिस्सा २०१८-१९ मध्ये ५१ टक्क्यांच्या आसपास होता. २०२४-२५ मध्ये देशात १७.६ लाख गाड्या, म्हणजे ४१ टक्क्यांना थोडं कमी. सहा वर्षांत दहा टक्के गेले, आणि ते बहुतेक एसयूव्हीने खाल्ले. २०२४-२५ मध्ये विकलेल्या प्रवासी गाड्यांपैकी ६५ टक्के युटिलिटी गाड्या, म्हणजे एसयूव्ही आणि एर्टिगासारख्या गाड्या होत्या. छोट्या गाडीचा ग्राहक मात्र मारुतीला सोडून दुसऱ्याकडे फारसा गेला नाही, तो बाजारातूनच गेला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले, त्याआधी सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरायचा नियम आला, एबीएस-एअरबॅग सक्तीचे झाले. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बरोबरच होती, पण स्कूटरवरून ऑल्टोवर येणाऱ्या माणसाचं डाउन पेमेंट तेवढ्याने हुकलं. सांगलीत असताना असे लोक आमच्याकडे दिवसाला पाच यायचे, दुधाचा धंदा करणारे, प्राथमिक शिक्षक, दोन एकर द्राक्षवाले. नंतर ते वापरलेली गाडी घ्यायला लागले. त्यातच मारुतीने १ एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं. तो निर्णय चुकला असं तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो. आज मी तितक्या ठामपणे म्हणणार नाही, कारण डिझेलची जागा त्यांनी सीएनजीने भरली. मारुतीची साधारण तीनातली एक गाडी आता सीएनजी असते.

मारुतीचा आकडा वाचताना एक सांभाळा. २०२४-२५ ची त्यांची 'एकूण विक्री' २२,३४,२६६ सांगतात. त्यात ३,३२,५८५ निर्यात आहे आणि १,०६,४२२ गाड्या दुसऱ्या कंपनीला बनवून दिलेल्या. टोयोटाची ग्लांझा म्हणजे बलेनो, टायझर म्हणजे फ्रॉन्क्स, रुमियन म्हणजे एर्टिगा. त्यामुळे टोयोटा वाढली असं वाचलं की त्यातली काही वाढ मारुतीच्याच कारखान्यातून आलेली असते. निर्यात मोठी असणं ही मी जमेची बाजू धरतो. देशात मंदी आली तर लाइन चालू राहते. ह्युंदाईचीही त्याच वर्षीची निर्यात १,६३,३८६ आहे.

नफ्याकडेही बघा. त्या वर्षी मारुतीचा निव्वळ नफा सुमारे १३,९५५ कोटी, ह्युंदाईचा सुमारे ५,६४० कोटी. प्रत्येकाच्या एकूण गाड्यांनी भागलं तर मारुतीला गाडीमागे ६२ हजार, ह्युंदाईला ७४ हजार. हा हिशोब ढोबळ आहे, मारुतीच्या नफ्यात गुंतवणुकीवरचं उत्पन्नही धरलेलं असतं. पण एक उघड दिसतं: तिप्पट गाड्या विकणारी कंपनी गाडीमागे कमी कमावते, कारण तिच्या गाड्या लहान आहेत.

ह्युंदाई. तिच्याबद्दल लोक 'मागे पडली' म्हणतात, मी 'थांबली आहे' म्हणेन. २०२४ या कॅलेंडर वर्षात त्यांनी देशात ६,०५,४३३ गाड्या विकल्या, त्यात क्रेटा एकटी १.८६ लाख. म्हणजे तीनातली जवळपास एक. क्रेटा २०१५ मध्ये आली आणि दहा वर्षं तिने घर चालवलं. असा कमावता मुलगा असला की बाकीच्यांकडे दुर्लक्ष होतं. व्हेन्यू जुनी झाली, व्हर्ना आणि आय-२० च्या वर्गाला ग्राहक उरला नाही, इलेक्ट्रिकमध्ये उशीर झाला. शिवाय घरातलीच किया. सेल्टोस आणि क्रेटा एकाच घरच्या, आमच्याकडे ग्राहक दोन्हीची टेस्ट ड्राइव्ह घेऊन यायचा आणि ज्याचं वेटिंग कमी ती बुक करायचा. पण सूट न देता विकायची शिस्त ह्युंदाईकडे आहे, आणि आता पैसाही. ऑक्टोबर २०२४ चा २७,८७० कोटींचा आयपीओ देशातला तोवरचा सगळ्यात मोठा होता. अर्थात ते पैसे इथल्या कंपनीकडे आले नाहीत, कोरियातल्या मूळ कंपनीने आपला हिस्सा विकला. तुमच्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. आजवर त्यांचा सगळा पसारा चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला होता. तिथली क्षमता संपत आली म्हणून तळेगाव घेतलं, आणि नवी व्हेन्यू नोव्हेंबर २०२५ मध्ये तळेगावातून बाहेर पडली. तिचा स्थानिक पुरवठादार वर्ग अजून बसतो आहे. जे आत्ता आत शिरतील ते पुढच्या मॉडेलला आत असतील.

महिंद्रा. २०२१-२२ मध्ये सव्वादोन लाख गाड्या, २०२४-२५ मध्ये ५,५१,४८७. तीन वर्षांत अडीच पट. ही चढण साधी नाही. एक्सयूव्ही-७००, स्कॉर्पिओ-एन, थार रॉक्स, ३एक्सओ, लागोपाठ चार वार बसले. स्कॉर्पिओ-एनची ३० जुलै २०२२ ला बुकिंग उघडली तेव्हा अर्ध्या तासात एक लाख झाली. बुकिंग म्हणजे विक्री नव्हे, परत करता येणारे पैसे भरून बरेच जण रांगेत उभे राहतात, पण पुढे गाड्याही निघाल्या. महिंद्राने हॅचबॅक, सेडान यांचा नादच सोडला. त्यामुळे गाड्या कमी विकूनही रुपयांतला हिस्सा मोठा. ती कंपनी स्वतः एसयूव्हीच्या उलाढालीतल्या हिश्शाबद्दल बोलते, ते उगाच नाही. कमजोरी? निर्यात थोडी आणि सगळे पत्ते एसयूव्हीवर. बाजार उद्या छोट्या गाडीकडे वळला तर महिंद्राकडे द्यायला काही नाही. तसा तो लवकर वळेल असं मला वाटत नाही, पण जीएसटीने कल थोडा हलवलाय हे खरं.

तो कसा, ते बारकाईने बघण्यासारखं आहे. चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत किंवा डिझेल १५०० च्या आत, तर आता १८ टक्के. इलेक्ट्रिक सोडून त्याबाहेर सगळं ४० टक्के. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसी, डिझेल १४९७. आधी २९ आणि ३१ टक्के पडायचे, ते दोन्ही १८ वर आले. ब्रेझा त्याच लांबीची, पण इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४५ वरून ४० वरच उतरली. शोरूममध्ये या दोन गाड्या एकाच ग्राहकासाठी भांडतात. एकीला अकरा-तेरा टक्क्यांची सवलत, दुसरीला पाच. सप्टेंबर २०२५ मध्ये देशातली सगळ्यात जास्त गेलेली गाडी नेक्सॉन ठरली, सुमारे २२,५००. हे सगळं टाटांच्या कर्तृत्वाने झालं असं म्हणणारे सेल्स मॅनेजर मला भेटले. मी म्हटलं, बाबा, थोडं श्रेय इंजिनाच्या ब्लॉकला दे.

टाटांचं कर्तृत्व वेगळीकडे आहे. २०१८ च्या डिसेंबरात नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. तोवर आमच्याकडे ग्राहक पहिला प्रश्न 'किती देते?' विचारायचा. त्यानंतर 'किती स्टार?' हा दुसरा प्रश्न झाला. हा बदल टाटांनी घडवला, आणि त्याचा धाक एवढा बसला की मारुतीनेही २०२४ च्या डिझायरला पाच तारे मिळवले. २०१९-२० मध्ये सव्वा लाखाच्या थोडं वर असलेली टाटांची विक्री चार वर्षांत पावणेसहा लाखांवर गेली. २०२४ मध्ये देशातली सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी मारुतीची नव्हती, टाटा पंच होती, २,०२,०३०. पण २०२४-२५ मध्ये विक्री घसरली आणि माझ्या मते टाटांची अडचण तिथे दिसते. यश एका लाटेत येतं, मग सर्व्हिसच्या तक्रारी वाढतात, जुनं मॉडेल फार काळ ओढलं जातं, आणि दुसरी लाट यायला वेळ लागतो. इलेक्ट्रिकमध्ये २०२३ पर्यंत दहातल्या सात गाड्या त्यांच्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर आली, मग महिंद्राच्या बीई-६ आणि एक्सईव्ही-९ई आल्या, आणि तो गड बराच ढासळला. नोव्हेंबर २०२५ ची सिएरा ही त्यांची पुढची लाट. तिच्याकडे लक्ष ठेवा, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांनंतर. पहिले सहा महिने कुठलीही नवी गाडी चालते.

टाटांचा शेअर बघून गाडीचा धंदा मोजू नका, एवढं मात्र बजावून सांगतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून ट्रक वेगळे झाले तरी प्रवासी गाड्यांच्या कंपनीत जग्वार लँड रोव्हर आहे. सप्टेंबरमध्ये सायबर हल्ल्याने ब्रिटनमधले त्यांचे कारखाने बंद पडले, त्याचा पिंपरीतल्या किंवा रांजणगावच्या लाइनशी काही संबंध नव्हता.

होंडा, स्कोडा-फोक्सवॅगन, रेनो, निस्सान यांच्यावर फार वेळ घालवत नाही. स्कोडाची कायलॅक बरी चालली, चाकणला त्यामुळे काम आहे. होंडाने डिसेंबर २०२० मध्ये ग्रेटर नोएडाचा कारखाना बंद केला, तेव्हापासून ती सावरते आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. तीनपैकी कोण? तुमच्या जागी मी असतो तर महिंद्राचं काम आधी घेतलं असतं, कारण आज यार्डातून सगळ्यात लवकर त्यांची गाडी निघते आणि त्यांचा चाकणचा कारखाना तुमच्या दारात आहे. ह्युंदाईचं छोटं का होईना, एक काम घेतलं असतं, दर थोडा पडेल असला तरी. टाटांचं काम कुठल्या मॉडेलचं आहे ते विचारून ठरवलं असतं. नेक्सॉन, पंच किंवा सिएरा असेल तर हो. हळू चालणाऱ्या मॉडेलचा सुटा भाग असेल तर चार वेळा विचार. आणि कुठलाही एक ग्राहक तुमच्या उलाढालीच्या निम्म्यावर जाऊ देऊ नका. इलेक्ट्रिकचं भय तुम्हाला इंजिनचे भाग बनवणाऱ्या शेजाऱ्याइतकं नाही. दरवाजा, ब्रॅकेट, फ्लोअर पॅनेल बॅटरीच्या गाडीलाही लागतात.

विचारणा आली की त्यांच्याकडून बारा महिन्यांचं शेड्यूल, म्हणजे कुठल्या महिन्यात किती नग उचलणार ते, मागा, आणि त्या कंपनीचे 'वाहन'वरचे मागच्या सहा महिन्यांचे आकडे स्वतः काढा. कंपनीनिहाय आकडे तिथे उघडे असतात. मॉडेलनिहाय हवे असतील तर ओळखीच्या दोन डीलरांना फोन करा आणि एवढंच विचारा: 'यार्डात कधीची गाडी आहे?' जानेवारीत कोणी म्हणालं की अजून मागच्या जुलैच्या मॅन्युफॅक्चरिंगच्या गाड्या उभ्या आहेत, तर शेड्यूल कागदावर कितीही गोड असो, ते कापलं जाणार.

तळेगावचाच कारखाना आठवा. २००८ मध्ये जनरल मोटर्सने तो सुरू केला, २०१७ अखेर त्यांनी देशातली विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये निर्यातीचं उत्पादनही बंद. मधे ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी व्यवहार ठरला आणि परवानगीअभावी २०२२ मध्ये फिसकटला. ह्युंदाईने ताबा घेतला तोवर २०२४ उजाडलं. त्या तीन-चार वर्षांत माझ्या ओळखीच्या एका पुरवठादाराकडे दोन डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, शेडच्या कोपऱ्यात गंज खात पडून होत्या. डाय त्याने स्वतःच्या पैशाने केल्या होत्या, खर्च नगामागे वसूल होणार होता, आणि नगच थांबले. तुमच्या करारात डायचा खर्च कोण उचलतो आणि काम मधेच थांबलं तर उरलेला खर्च किती दिवसांत मिळेल, हे दोन मुद्दे लिहून घ्या. तोंडी 'बघू' म्हणाले तर ते काम सोडून द्या.